माजी अध्यक्षांच्या भेटीचा चबुतरा

दर्यापूरच्या पुढं, पूर्णेच्या पात्रात एक दगडी चबुतरा आहे. त्यावर काळ्या दगडाची पाटी बसवलेली आहे आणि पाटीवर लिहिलं आहे की जनपद सभेच्या माजी अध्यक्षांनी या बेटास सदिच्छा भेट दिली. हे वाक्य मी रचलेलं आहे आणि ते धडधडीत खोटं आहे. मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत पोरं खोटं बोलली म्हणून मी कितीतरी छड्या ओढल्या. पण या वाक्याबद्दल कोणी मला छडी मारायला आलं, तर मी काही हात पुढं करणार नाही.

मी त्याला बेट म्हणते, पण त्यातही अर्धं खोटंच आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात नदी इतकी आटते की बैलगाडी थेट त्याच्यावरून जाते. मधले चार-पाच महिनेच काय ते बेट. वाळू, झाऊची झुडपं आणि तीन बाभळी, एवढाच त्याचा संसार.

छप्पन साल उलटून दोन वर्षं झाली होती. आमच्या घरानं नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला होता आणि अमरावतीला शिकून मी मास्तरीण झाले होते. नेमणूक मिळाली ती नदीपलीकडच्या गावच्या शाळेत. त्या गावात मला राहायला खोली मिळाली नाही. का मिळाली नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून मी अलीकडच्या काठाला, आमच्याच लोकांच्या वस्तीत राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ नावेनं नदी पार करायचे. बावीस वर्षांचं वय, नाकावर राग आणि हातात छत्री. त्या काळात मला पाहिलं की पोरं आधी छत्रीकडे बघायची.

नाव ग्रामपंचायतीची होती, पण ती चालवायचे काकाजी. अख्खा मुलूख त्यांना काकाजीच म्हणायचा. साठीचा माणूस, अंगात बंडी, गुडघ्यावर धोतर, बोलणं मोजून-मापून. पात्रात वाळू कुठं सरकली, धार कुठं वळली, हे त्यांना बांबू पाण्यात न घालता कळायचं. वीस-पंचवीस वर्षांत त्यांची नाव एकदाही कुठं अडली नव्हती. पहिल्याच दिवशी मी पाय टाकल्यावर ते म्हणाले होते, नावेत बसल्यावर राग काठावर ठेवाचा, बाई, नाव हालते. मला त्याचाही राग आला होता.

ती मार्गशीर्षातली गोष्ट. काकाजींची नात मुदतीच्या तापातून उठली होती, त्यासाठी देवीला केलेला नवस फेडायचा होता. आमच्याकडे असा नवस रोडग्यांनी फिटतो. कणकेचे पदर लावून केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याचं भरीत. आणि त्याची एक रीत आहे. जाळ पेटल्यावर त्याच्या जवळून जो जाईल त्याला खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. मग तो वैरी असो की वाटसरू. काकाजी तर पक्के मानायचे की एक जरी माणूस उपाशी गेला तर नवस फिटला नाही. दोन्ही काठांच्या लोकांना त्यांनी बेटावर बोलावलं होतं. मलाही सकाळीच सांगून ठेवलं. आता देवीचं आणि माझं काही देणंघेणं राहिलं नव्हतं, पण भरताशी माझं भांडण नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी बेटावर उतरले.

त्याच दुपारी जनपदाचे अध्यक्ष नदी ओलांडायला आले. तेव्हा जिल्हा परिषदा नव्हत्या, तालुक्याला जनपद सभा असायची, आणि तिचा अध्यक्ष म्हणजे तालुक्यात त्याच्यावर कोणी नाही. ते आमच्याकडून पलीकडे जाऊन पुढं मोटारीनं अकोल्याला जाणार होते. पलीकडच्या काठावर सरपंचांनी आंब्याच्या डहाळ्यांची कमान उभारली होती, हार आणले होते, ताशेवाले बसवले होते. सरपंच म्हणजे शंभर एकर काळ्या जमिनीचा धनी, माणूस वाईट नाही, पण मान-पानाचा भारी भुकेला.

अलीकडच्या घाटावर काकाजींनी अध्यक्षांना नावेत घेतलं आणि रीतीप्रमाणं जेवायला थांबायला सांगितलं. वेळ नाही, अकोल्याला लोक वाट पाहताहेत, असं म्हणून त्यांनी हात जोडले. काकाजींनी बांबू उचलला. नाव बेटाच्या अंगाला आली आणि घसरत जाऊन वाळूत अशी बसली की अध्यक्षांसोबतचा कारकून फायलीसकट समोर आडवा झाला. काकाजींनी खाली उतरून नावेला खांदा लावल्यासारखं केलं, डोकं खाजवलं आणि सांगितलं की रुतली, आता माणसं जमवावी लागतील, तवर चार घास खाऊन घ्या.

मला आता खरं सांगायचं आहे. पंगत बसायला लागली तशी मी आपली पत्रावळ घेऊन बाजूला, शेवटच्या बाभळीखाली जाऊन उभी राहिले. कोणी मला सांगितलं नव्हतं. सवय होती. चार माणसांत आपल्याला कोणी उठवण्याआधी आपणच लांब बसावं, ही सवय धम्म घेऊनही पायात राहिली होती. काकाजी वरणाची बादली घेऊन आले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तिकडं काहून? इकडं या." आणि मला नेऊन थेट अध्यक्षांच्या शेजारी बसवलं. दोघा-चौघांनी माना वळवल्या. काकाजींनी त्यांच्या पत्रावळीत इतकं गरम वरण ओतलं की माना आपोआप खाली गेल्या. त्या दिवशी मी मान खाली घालून जेवले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते ठेच्यानं आलं असं मला दाखवायचं होतं.

अध्यक्षांनी पहिल्यांदा एक रोडगा घेतला, अर्धा खाऊ म्हणाले. चौथ्याला ते बोलेनासे झाले. मग बाभळीखाली डोक्याशी टोपी घेऊन जे आडवे झाले ते चार वाजेपर्यंत घोरत पडले. कारकून घड्याळ बघून बघून रडकुंडीला आला आणि शेवटी त्यानंही भरीत मागून घेतलं. आणि हे सगळं पलीकडच्या काठावरून सरपंच उन्हात उभे राहून बघत होते. मधे धार, नाव इकडे, ते तिकडे. हारातले झेंडू मान टाकून बसले, ताशेवाले सावलीला जाऊन झोपले. चार वाजता काकाजींनी नातवाला हाक मारली, दोघांनी दोन धक्के दिले आणि नाव सुटली.

सरपंचांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अध्यक्ष पलीकडे उतरले ते ढेकर देतच, कमानीखाली दोन मिनिटं थांबले आणि मोटारीत बसून गेले. रस्त्याचा अर्ज सरपंचांच्या खिशातच राहिला. त्याच रात्री त्यांनी सांगून टाकलं की साऱ्या तालुक्यात गावाची अब्रू गेली. या म्हाताऱ्याला आता पाणी दिसत नाही. पुढच्या बैठकीत नाव काढून घ्यायची आणि दुसऱ्या माणसाला द्यायची. दुसरा माणूस म्हणजे सरपंचांचा साळा, बायकोचा भाऊ. त्यानं आयुष्यात बैलाच्या पाठीवर बसून नाला ओलांडला असेल तेवढाच त्याचा पाण्याशी संबंध.

मी दुसऱ्या दिवशी नावेत बसल्याबरोबर काकाजींना म्हटलं, तुम्ही बैठकीत सांगा की धार फिरली होती, वाळू सरकली होती, काहीही सांगा. ते बांबू मारत राहिले. मग म्हणाले, "वाळू तिथंच हाये, बाई. नाव रुतली नाही, म्या रुतवली. जाळापासून मानूस उपाशी चालला होता."

मला आधी हसू आलं आणि मग ते विरलं. कारण हा माणूस बैठकीतही हेच सांगणार, हे मला दिसत होतं. मी त्यांना समजावलं, रागावले, छत्री आपटली. नावेत बसून आपण खोटं बोलत नसतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बैठक काही नावेत नाही. तर म्हणे जबान तर तीच हाये. नाव गेली असती तर साठीच्या वयात ते कापूस वेचायला गेले असते. चूल त्या नावेवर चालत होती. आणि मला दुसरीच धास्ती होती. बाकीच्या गावानं मला जिथं जिथं बसू दिलं नव्हतं, तिथं या एका माणसानं मला हाक मारून बसवलं होतं. त्याला असं हुसकून लावलेलं मी नुसतं बघत बसले असते, तर माझं मास्तरीण होणं कशाला चुलीत घालायचं होतं?

बैठक मारुतीच्या पारावर भरली. मी पाराच्या खाली उभी राहिले. सरपंचांनी ठराव मांडला, काकाजी उठून घसा साफ करायला लागले आणि मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागले. शाळेतला आवाज होता, पार दणाणला. मी म्हटलं, अध्यक्षांसारखा माणूस अकोल्याचं काम सोडून आपल्या बेटावर तीन तास थांबला. शेजारच्या गावात एक मंत्री मोटारीचं चाक बदलेपर्यंत थांबले होते, तर त्यांनी तिथं दगड लावला. आपल्या बेटावर तर अध्यक्ष जेवले, झोपले. याचं स्मारक व्हायला पाहिजे की नको?

शेजारच्या गावाचं नाव निघालं आणि सरपंचांनी ठरावाचा कागद खाली ठेवला. त्या दगडाचं दुःख सरपंचांच्या मनात फार खोल होतं. ते हळूच म्हणाले की चबुतरा त्यांच्याहून उंच पाहिजे. मग कोणीतरी म्हातारा बोलला की भेटीचं स्मारक बांधायचं आणि भेट घडवून आणणाऱ्याची नाव काढायची, हे दिसायला बरं नाही. काकाजींनी पुन्हा तोंड उघडलं, तर मागून त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांचं धोतर असं धरलं की त्यांना खालीच बसावं लागलं. धोतर सुटण्यापेक्षा खोटं परवडलं असणार.

उन्हाळ्यात नदी आटल्यावर गाड्यांनी दगड नेले, चबुतरा उभा राहिला. पाटी कोरायला अकोल्याहून एक पाथरवट आला. मजकूर मी लिहून दिला. तोवर मला वर्तमानपत्राच्या एका जुन्या अंकात कळलं होतं की अध्यक्षांची खुर्ची गेलेली आहे, आणि ती आता नाही, ते बेटावर आले त्याच्या पंधरा दिवस आधीच गेली होती. गावाला पत्ताच नव्हता. कारकून तेवढा फायली सोपवायच्या राहिल्या म्हणून सोबत आला असणार. म्हणजे कमान, हार, ताशे, सगळं एका माजी माणसासाठी. मजकुरात मी ‘माजी’ शब्द घातला. खोटं कोरायचंच तर निदान एका जागी खरं असावं, असा माझा विचार. विचार कसला, आगाऊपणा.

सरपंचांनी कागद वाचला आणि खाटेवर बसले. माजी म्हणजे, त्यांनी विचारलं, आता नाहीत? मी सांगितलं, तेव्हाही नव्हते.  एका पडलेल्या माणसासाठी आपण उन्हात उभे राहिलो, आणि वर त्याचा दगड लावतोय, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. नावेचा विषय त्यांनी तिथल्या तिथं पुन्हा काढला. मी स्वतःला मनातल्या मनात लाखोली वाहिली. शेवटी त्यांनी निकाल दिला तो असा. दगड उभा आहे, तो पाडता येत नाही. दिवाळीनंतर त्यांनाच उद्घाटनाला बोलवू. त्यांनी भाषणात भेट द्यायला आलो होतो म्हटलं तर नाव काकाजींची. नाव अडकली म्हणून आलो म्हटलं तर नाव गेली.

पावसाळाभर चबुतरा पाण्याखाली आणि काकाजी वाऱ्यावर. काकाजींना कसली फिकीर दिसत नव्हती. ती सगळी मीच करत होते.

उद्घाटनाच्या दिवशी माजी अध्यक्ष एसटीनं दर्यापूरला आले आणि तिथून भाड्याच्या दमणीत, हलक्या बैलगाडीत बसून घाटावर. सोबत कारकून नाही, फायली नाहीत. धुतलेला, पण इस्त्री नसलेला सदरा. काकाजींनी सकाळपासून खेपा करून पंचायत, शाळेची पोरं, माईक, बॅटरी, ताशे आणि हार बेटावर पोचवले होते. ज्या माणसाचा निकाल लागायचा होता त्याच्यावाचून एकालाही तिथं जाता येत नव्हतं. शेवटच्या खेपेला नावेत आम्ही तिघंच. मी ठरवून आले होते की यांना आडून सुचवायचं, भाषणात ‘भेट’ एवढा एकच शब्द घ्या म्हणून. पण एवढ्या मोठ्या माणसाला खोटं बोला कसं सांगायचं? मी छत्रीची मूठ पिरगाळत बसले आणि धार निम्मी झाली.

तेवढ्यात काकाजींनी बांबू थांबवला. "साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी नाव रुतली नव्हती. म्या रुतवली होती. जेवा म्हनलं तर तुमी नाही म्हनले."

मला वाटलं, आता पाण्यात उडी टाकावी. पोहता येत नव्हतं म्हणून नाही टाकली. माजी अध्यक्षांनी काकाजींकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. बेट आल्यावर ते सदरा झटकून उतरले.

हार झाले, पडदा ओढला, पोरांनी गाणं म्हटलं. सरपंच माईकजवळ असे उभे राहिले की एकही शब्द निसटू नये. 

"मी इथं भेट द्यायला आलो नव्हतो," माजी अध्यक्षांनी सुरुवातच अशी केली. सरपंचांनी साळ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

"माझी खुर्ची गेली होती," ते पुढं म्हणाले. "त्या दिवशी वाटेत चार गावं लागली. पूर्वी त्या गावांत जेवल्याशिवाय मला कोणी हलू देत नव्हतं. त्या दिवशी पाणी घेता का म्हणूनही कोणी विचारलं नाही. मला वेळ नाही, असं मी या नाववाल्याला म्हणालो ते खोटं होतं. अकोल्याला माझी कोणी वाट पाहत नव्हतं. नुसतं तोंडदेखलं विचारतो आहे असं मला वाटलं. तर यानं नाव वाळूत घातली. मी अध्यक्ष असतानासुद्धा मला कोणी इतकं अडवून जेवू घातलं नव्हतं. पाटीवर माझ्याऐवजी याचं नाव पाहिजे होतं." मग ते माईकपासून जरा बाजूला झाले आणि घरच्यासारखं विचारलं, "आज रोडगे आहेत का?"

 सरपंचांनी पंचायतीकडे पाहिलं, पंचायतीनं माझ्याकडे. हार होते, ताशे होते, बॅटरीवरचा माईक होता, चहाचा पिंप होता. जेवण नव्हतं. वर्षभर आम्ही दगड, पाटी आणि मजकूर यांच्यावर भांडलो आणि पाहुण्याला जेवायला घालायचं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकाजी पुढं झाले. "चाला साहेब," म्हणाले. "घरी भाकर असन."

दोघं खाली उतरले. माजी अध्यक्षांनी धोतर वर खोचून स्वतः नावेला खांदा दिला, काकाजींनी बांबू घेतला आणि दोघं अलीकडच्या काठाकडे निघून गेले. बेटावर राहिलो आम्ही, पन्नास-साठ माणसं, माईक आणि ताशे. परतीची दुसरी नाव नव्हती. पोरं आनंदानं वाळूत घरं बांधायला लागली. ताशेवाल्यांनी चहाचा पिंप संपवला. साळा पाण्यात गुडघाभर जाऊन परत आला आणि मुकाट्यानं धोतर पिळत बसला. मला हसू आवरेना, मी छत्री उघडून तिच्यामागं हसून घेतलं.

दोन तास गेले. उन्हं उतरली. सरपंच चबुतऱ्याच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली आणि बसा म्हणाले. मी बसले. ते अलीकडच्या काठावर, काकाजींच्या झोपडीतून निघणाऱ्या धुराकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "येवढं सारं आनलं. जेवाचं काहून नाही सुचलं आपल्याले?"

आपल्याले म्हणाले. मला त्यातून काढता पाय घेता आला असता, मी काही पंचायतीत नव्हते. पण याच वाळूत मला कोणीतरी हाताला धरून पंगतीत बसवलं होतं, आणि त्यानंतर वर्षभर मी शब्द जुळवत बसले होते. चार भाकरी थापून फडक्यात बांधून आणणं मला काही अवघड नव्हतं. मी सरपंचांना म्हटलं, खरंच, नाही सुचलं.

अंधार पडायच्या आत काकाजी नाव घेऊन आले. आम्हाला सगळ्यांना भूक लागली होती. नावेच्या ठरावाचं कोणी नाव काढलं नाही.